तळ्यातले मासे जिवंत आहेत

१४ मार्च

शाळेचा राजीनामा दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "सायरागुलबाई, आता पोरांना जीवशास्त्र कोण शिकवणार?" मी म्हटलं, "आता मी खऱ्या पाण्यात शिकवणार आहे सर." बोलताना जरा नाटकीच वाटलं. पण खोटं नव्हतं.

कंपनीचे एल्दार साहेब बिश्केकहून स्वतः घरी आले होते. त्यांचे शहरी बूट आमच्या अंगणातल्या चिखलात रुतले, तरी चेहरा हसराच. म्हणाले, "बाई, सोनं काढणाऱ्यांवर लोकांचा विश्वास नसतो. तुमच्यावर आहे. अर्धं गाव तुमच्या हाताखालून गेलंय." खाणीचं शुद्ध केलेलं पाणी जिथे ओढ्याला सोडतात, तिथे एक तळं बांधणार आहेत. त्यात ट्राउट मासे पाळायचे. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, हे कोणालाही डोळ्यांनी दिसेल. तळं सांभाळायचं, आल्यागेल्याला समजावून सांगायचं, हे माझं काम.

माझा नवरा इसाबेक पहिल्यापासून खाणीत डंपर चालवतो. मला वाटलं होतं तितका आनंद त्याला झाला नाही. "घे. उबदार ऑफिस आहे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा चहात पाव बुडवून खायला लागला.

२ एप्रिल

मासे आले! मोठ्या सरोवराकडून टाकीच्या गाडीतून. बादल्यांनी तळ्यात सोडले तेव्हा मी लहान मुलीसारखी काठावर बसून राहिले. अंगावर गुलाबी पट्टा, पाठीवर ठिपके. पाइपाच्या तोंडाशी जिथे पाणी धो धो पडतं तिथे सगळे गोळा होतात.

एल्दारनी लगेच मोठा फलक लावला: "मासा खोटं बोलत नाही." किर्गीझ, रशियन, इंग्रजी. युरोपातले सराफ आता विचारतात म्हणे की सोनं कुठून आलं, कोणाचं पाणी नासवून आलं. त्यांच्यासाठी 'हरित खाण' असं प्रमाणपत्र असतं. ते मिळालं की आमच्या डोंगरातलं सोनं ताठ मानेनं विकलं जाईल. मला हे फार पटलं. निदान कोणी विचारतंय तरी.

२० एप्रिल

आज गावाला बोलावलं होतं. पुलाव होता, त्यामुळे गर्दी झाली. मी अर्धा तास बोलले. दगडातून सोनं सोडवायला सायनाइड वापरतात, उरलेला गाळ धरणात साठवतात, वरचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून फिरून इथे येतं. शाळेत बोलत होते तशीच बोलले, फळ्याशिवाय.

जाऊबाई, म्हणजे कालिचाताई, पुढेच उभ्या होत्या. त्यांची जीभ कोणी आवरावी! "अगं सायरा, यांनी माशांनाही पगारावर ठेवलं का गं? सगळे कसे पाइपाकडे तोंड करून हजेरी देतायत!" लोक खो खो हसले. एल्दारही हसले, त्यांना नंतर कोणीतरी समजावून सांगितल्यावर.

सगळे पांगल्यावर मोठे दीर जवळ आले. ओमुरझाकदादा कमी बोलतात. डोक्यावरची पांढरी टोपी काढून हातात फिरवत म्हणाले, "सायरा, खाण आल्यापासून मी घोड्यांना खालच्या कुरणात नेलं नाही. वरच्या कुरणात दगड जास्त, गवत कमी. घोड्या सुकल्यात. तू शिकलेली आहेस. आणू का त्यांना खाली, ओढ्यावर?"

"आणा दादा."

"कंपनीच्या वतीनं सांगू नकोस. तुझं तू सांग."

"माझं मी सांगतेय. पाणी चांगलं आहे."

त्यांनी टोपी घातली आणि मान डोलावली. त्यांना एवढंच हवं होतं. मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

१० मे

दादांनी तंबू खालच्या कुरणात हलवला. संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन आलो. घोड्या पोटापर्यंत गवतात. कालिचाताईंनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं यंदाचं पहिलं कुमिस दिलं, थोडं कोवळंच होतं. दादा खुशीत होते. परत निघताना त्यांनी इसाबेकच्या पाठीत धपाटा मारला, "तुझी बायको नसती तर मी अजून त्या दगडांत बसलो असतो रे!"

इसाबेक वाटभर चार पावलं पुढेच चालत होता. विचारलं तर म्हणाला, "दमलोय."

१३ जून

गरम दिवस. केंद्र दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणे, यंत्राचा कुठलासा भाग परदेशातून यायचाय. मला माशांची काळजी वाटत होती, पण पाइपाचं पाणी कमी झालं नाही. टाकीत साठवून ठेवत असतील. व्यवस्था चोख आहे.

दुपारी बिश्केकच्या विद्यापीठातली मुलं आली होती. तेव्हा नेमकं तळ्याचं पाणी दुधाळ झालं. एका मुलीनं विचारलं, "हे असं का?" मी सांगितलं, वर हिमनदीचं बर्फ उन्हानं वितळतं, त्याखाली घासलेल्या दगडाचं पीठ पाण्यात उतरतं, म्हणून इकडचे सगळे ओढे उन्हाळ्यात दुपारी असे होतात. सकाळी पुन्हा नितळ. माशांना काही होत नाही. मुलीनं लिहून घेतलं. हुशार वाटली.

२८ जून

कालिचाताईंशी भांडण झालं. लिहायला नको वाटतंय.

त्यांच्या दोन घोड्यांनी अर्ध्यावर गर्भ टाकला. एक शिंगरू जन्मलं ते उभंच राहिलं नाही. त्या तडक ऑफिसात आल्या, हातात चाबूक तसाच. "बघायला चल पाणी."

मी गेले. पाणी दिसायला चांगलं. वास नाही. एल्दारना सांगितलं, त्यांनी तत्परतेनं बाटली भरून कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवली. सगळं मर्यादेत. मी ते ताईंना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "तुझे मासे जिवंत असतील गं. माझं शिंगरू मेलं."

"ताई, मासा फार नाजूक असतो. घोड्याआधी मासा मरेल. पाण्यात काही असतं तर तळं पहिलं—"

"मला शाळा शिकवू नको."

दादा तंबूबाहेर खोगीर शिवत होते. म्हणाले, "कालिचा, पुरे. सायरा सांगतेय ना." एखाद्या वर्षी असं होतं, घोडी जातच लहरी, असं काहीतरी बोलत राहिले. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. आता वाटतं, त्या क्षणी त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. का असं वाटतंय, कळत नाही.

१७ जुलै

ओमुरझाकदादा गेले.

१९ जुलै

झालं ते लिहून ठेवते.

दोन दिवस पाऊस होता. परवा सकाळी दादा उठले, नेहमीसारखे ओढ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तोंड धुतलं. कालिचाताई तंबूत चूल पेटवत होत्या. मग त्यांना घोड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतात तर घोड्या ओढ्याकाठी पडतायत. उभ्या उभ्या पाय दुमडून. दादा कमरेएवढ्या पाण्यात उतरून एका घोडीला मानेनं ओढत होते. ताईंनी हाक मारली. त्यांनी मागे वळून बघितलं आणि तेही पाण्यात बसले, जसं कोणी दमून बसावं तसं.

सगळा कळप गेला. शिंगरं, पिढ्यान् पिढ्या जपलेला वाण.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. घोड्यांचं साथीच्या रोगानं, असं सरकारी पशुवैद्य म्हणाले. एकाही जनावराचं रक्त न घेता. दुपारपर्यंत कंपनीचे बुलडोझर आले, खड्डा खणला, डिझेल ओतून सगळं जाळलं. साथ पसरू नये म्हणून.

मी धावत तळ्यावर गेले होते. मासे जिवंत होते. सगळे. पाइपाखाली, तोंडं वर करून.

मग हे पाणी नाही. पाणी कसं असेल?

२१ जुलै

आज माती दिली. ताई तंबूत भिंतीकडे तोंड करून विलाप करत होत्या. इसाबेक कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून दाराशी उभा, "दादा रे, माझ्या पाठीच्या डोंगरा रे," म्हणत होता. त्याला असं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून तो एकच म्हणायचा, "मी बोलायला हवं होतं." भावाशी शेवटचं बोलायचं राहून गेलं, असं लोकांना वाटलं. मलाही.

मयताच्या जेवणाला आमच्याकडे घोडा कापतात. ज्याच्याकडे गावातला सगळ्यात चांगला कळप होता, त्याच्या दारात कापायला घोडा नाही. दुपारी कंपनीची गाडी आली. मागे एक गुबगुबीत तांबडा घोडा, खोगिरावर काळी फीत. एल्दार काळा सूट घालून, सोबत फोटो काढणारा.

ताई तंबूबाहेर आल्या. रिवाजाप्रमाणे विधवेनं बाहेर यायचं नसतं. घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी बोलल्या. मग लगाम एल्दारच्या हातात दिला. "याला घेऊन जा. आणि खालच्या ओढ्याचं पाणी पाजू नका हो याला. तरुण आहे."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

२५ जुलै

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या तपासनीस बाई पुढच्या आठवड्यात येणार. त्याआधी एल्दारना माझी चित्रफीत हवी होती. "लोक घाबरलेत बाई. अफवा पसरतायत. तुम्ही त्या घरच्या. तुम्ही तळ्यासमोर उभं राहून सांगितलंत तर लोकांच्या मनातली भीती जाईल."

मी तयार झाले. खरंच वाटत होतं की साथच असावी. की तसं वाटायला हवं होतं?

कडक ऊन होतं. दुपारची वेळ. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या मागचं हे पाणी गाळाच्या धरणातून, शुद्धीकरण केंद्रातून आलंय—" आणि कॅमेरावाला म्हणाला, "थांबा, मागे पाण्याचा रंग बदलतोय."

मी वळले. तळं दुधाळ होत होतं. पाइपातून दगडाचं पीठ येत होतं. हिमनदीचं.

केंद्रातून गाळून येणाऱ्या पाण्यात हिमनदीचं पीठ कुठून येईल?

विद्यापीठातल्या त्या मुलीला मी काय काय सांगितलं होतं! माझ्याच तोंडानं. आणि माझ्याच कानांनी ऐकलं नव्हतं.

एल्दार म्हणाले, "काही नाही, पुन्हा घेऊ. इथे उभ्या राहा, मागे फक्त फलक येईल."

आणि मी तिथे उभी राहिले. आणि पुन्हा तेच वाक्य बोलले. न अडखळता. का, ते मला विचारू नये कोणी. तोंड आपोआप चालत होतं, आणि सगळे इतक्या आपुलकीनं बघत होते.

२६ जुलै

पाइपाच्या कडेकडेनं चढले. तो केंद्राकडे वळतच नाही. जमिनीखालून गेलाय, पण वरची माती अजून नवी आहे. कार्यालयामागून, कँटीनमागून, खाणीला वळसा घालून वर. शेवटी दगडांत, बर्फाच्या जिभेखाली, जाळी लावलेलं तोंड. तिथलं पाणी मी प्यायले. गोड आहे. आमचे सगळे ओढे खाणीआधी असेच होते.

केंद्राचं पाणी तळ्याला वळसा घालून दुसऱ्या पाइपानं ओढ्यात जातं. तळं पाण्याच्या वाटेवर नाहीच. तळं नुसतं शेजारी आहे.

घरी आले. इसाबेक जेवत होता. सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला.

"तो चर आम्हीच खणला, सायरा. मार्चमध्ये."

"तू?"

"आम्ही सगळ्यांनी. खाणीत कोणाला माहीत नाही? मला वाटलं तुला माहीत आहे. ते तुला पगार देतात, तळ्याचं सगळं तुझ्याकडे. मला वाटलं, तुला चालतंय. मग मी कशाला बोलू?"

"आणि दादांना मी 'आणा' म्हटलं तेव्हा?"

त्यानं ताट बाजूला सारलं. "शुद्ध केलेलं पाणी खरंच बरं असेल असं वाटलं. तळ्याचं नाटक, पण पाणी बरं, असं. पावसात धरण भरलं आणि त्यांनी झडप उघडली. केंद्र तर जूनपासून बंदच आहे." मग म्हणाला, "आता बोलून दादा येणार आहे का? पोरगी शहरात शिकतेय. आपण दोघंही त्यांचंच खातो."

दादांना दोन माणसं सांगू शकत होती. एकीला माहीत नव्हतं आणि दुसऱ्याला वाटलं पहिलीला माहीत आहे.

५ ऑगस्ट

सांगितलं.

शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. तपासनीस मार्ताबाई वयस्कर, शांत, पायात मळलेले डोंगरी बूट. मला त्या आवडल्या. मी उभी राहिले आणि सगळं बोलले. पाइप, झडप, बंद केंद्र, चित्रफितीत मी बोललेलं खोटं. मागून कोणीतरी ओरडलं, "पोटावर पाय देतेस का गं आमच्या?" आवाज ओळखीचा होता. माझाच विद्यार्थी, आता खाणीत स्फोटकांच्या खात्यात आहे.

मार्ताबाईंनी प्रत्येक शब्द लिहून घेतला. दुभाष्याकडून दोनदा विचारून खात्री केली. एल्दारनी मध्ये एकदाही अडवलं नाही. उलट माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

संपल्यावर मार्ताबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "यू आर व्हेरी ब्रेव्ह." एवढं इंग्रजी मला येतं.

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं. आता काहीतरी होईल.

२ ऑक्टोबर

प्रमाणपत्र मिळालं.

एल्दार अहवाल घेऊन घरी आले. गुळगुळीत कागद, जड. एका पानभर माझा फोटो: तळ्याच्या काठी बसलेली, मासे आले त्या दिवशीचा, लहान मुलीसारखी हसणारी. वर मथळा: 'आम्ही ऐकतो.' खाली लिहिलंय की स्थानिक जीवशास्त्रज्ञ सायरागुल यांनी खुल्या सुनावणीत निर्भीडपणे सूचना मांडल्या, कंपनीनं त्या स्वीकारल्या, आणि अशी पारदर्शकता या उद्योगात दुर्मीळ आहे. पारदर्शकतेला सगळ्यात जास्त गुण मिळालेत. पाण्याला जेमतेम, पण बेरीज पास होण्याइतकी झाली.

पुढच्या पानावर काळी फीत लावलेला तांबडा घोडा.

"कोणत्या सूचना स्वीकारल्या?" मी विचारलं.

"फलक बदलला. आता लिहिलंय: 'प्रात्यक्षिक तळे. पाणी मिश्र स्रोतांतून.' तुमच्यामुळेच." ते मनापासून बोलत होते, हेच भयंकर. "बाई, परत या. 'खुला संवाद' म्हणून नवं खातं काढतोय. तुम्ही प्रमुख. हवं ते बोला. आम्ही छापू."

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. का कोण जाणे, 'सांभाळून जा' असंही म्हटलं.

इसाबेकनं तो अहवाल उचलून फोटो बराच वेळ पाहिला. "किती आनंदात होतीस," म्हणाला. मी बाहेर जाऊन बसले.

९ ऑक्टोबर

बेकबोलोत, आमच्या गल्लीतला मेंढपाळ, उद्या वरून मेंढरं उतरवतोय. खालच्या कुरणात. कंपनीनं ते गावाला फुकट खुलं केलंय, आणि दादा गेल्यापासून तिथे कोणी चारलेलं नाही म्हणून गवत उंच आहे.

मी त्याच्याकडे गेले. त्यानं बसवलं, पाव पुढे केला, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, एप्रिलमध्ये तुम्ही म्हणालात पाणी चांगलं. ऑगस्टमध्ये म्हणालात वाईट. आता परदेशातली बाई म्हणतेय चांगलं. मी मेंढपाळ माणूस. शेवटी जो बोलेल त्याचं ऐकायचं ना?"

पाव तसाच ठेवला. चहा मात्र प्यायले.

१० ऑक्टोबर

उजाडताच ओढ्याच्या उतारावर जाऊन उभी राहिले, जिथून मेंढरं पाण्यात उतरतात. दुसरं काही सुचलं नाही.

मेंढरं आली. धूळ, कुत्री, मागे घोड्यावर बेकबोलोत आणि त्याचा भाऊ. मी हात पसरले. शेकडो मेंढरांपुढे एका बाईचे दोन हात ते काय! पुढची मेंढरं बाजूनं निसटायला लागली.

"बाजूला व्हा बाई, चेंगराल," बेकबोलोत म्हणाला. चिडून नाही, अजिजीनं.

"नाही होणार."

"लोक हसतील."

"हसू देत."

त्याचा भाऊ खरंच हसला आणि त्यानं मेंढरांमागे शीळ घातली. मी एका मेंढ्याची शिंगं धरली, त्यानं मला गुडघ्यावर पाडलं. पाणी हातभर अंतरावर होतं. नितळ, तळाचे खडे दिसणारं.

तेव्हा पलीकडच्या काठावर टापा ऐकू आल्या. कालिचाताई. कोणाकडून तरी मागून आणलेल्या घोड्यावर, अंगात अजून सुतकाचे काळे कपडे. त्या तिकडे काय करत होत्या, मला माहीत नाही. रोज येत असतील. घोड्याला पाणी पिऊ न देता लगाम वर खेचून धरत त्यांनी ओढा ओलांडला, मेंढरांत शिरल्या आणि चाबूक हवेत असा काही ओढला की कुत्रीसुद्धा मागे सरली. कळपाचं तोंड वळलं. बेकबोलोतनं टोपी काढली. विधवेसमोर तो काय बोलणार?

"वर ने," ताई त्याला म्हणाल्या.

मेंढरं चढाला लागली. मी उठून गुडघे झटकले. म्हटलं, "ताई..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घोडा उताराच्या तोंडाशी आडवा उभा केला, माझ्यापासून चार हातांवर, आणि तशाच बसून राहिल्या.

ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघी तिथे होतो. मग गावाच्या बाजूनं दुसऱ्या कळपाची धूळ दिसली, आणि त्यांनी चाबूक हातावर गुंडाळून घेतला.